आंबलेल्या स्नायूंवर पुन्हा वजन कधी घ्यायचं?

वजनाच्या व्यायामानंतर तोच स्नायू पुन्हा कधी वापरायचा, हे नुसत्या दुखण्यावरून ठरवू नका. मागच्या वेळी काम कोणत्या प्रकारचं झालं, ते आधी बघा.

सगळ्यात महाग पडतं ते वजन सावकाश खाली आणणं. तेव्हा स्नायू ताणला जात असतानाच जोर लावत असतो आणि तंतूंना बारीक इजा होते. रोमानियन डेडलिफ्टमध्ये (गुडघे किंचित वाकवून, कंबरेतून झुकत वजनाचा बार खाली नेण्याचा व्यायाम) बार 3-4 सेकंद घेत गुडघ्याखाली उतरवला, की मांडीची मागची बाजू साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त ठणकते. खुर्चीत बसतानाही जाणवतं. खापर लॅक्टिक ॲसिडवर फुटतं, पण ते तासा-दीड तासात निवळलेलं असतं. असा व्यायाम नवीन असेल तर 2 सेट (न थांबता केलेल्या आवर्तनांचा एक गट म्हणजे सेट) पुरेत, आणि अजून 3 रेप्स (आवर्तनं) निघतील असं वाटत असतानाच थांबा. पुढच्या आठवड्यात तेच काम बरंच कमी दुखतं. नवशिके नेमके इथे फसतात: पहिल्याच दिवशी 5 सेट, मग अंग आंबलं म्हणून दोन-तीन आठवडे दांडी, आणि पुन्हा श्रीगणेशा.

जड वजनाचे 1 ते 5 रेप्स फारसे दुखत नाहीत, पण ताकद उतरलेली असते. दोन सेटच्या मध्ये 3-5 मिनिटं थांबा, कारण स्नायूतलं क्रिएटिन फॉस्फेट (झटपट ऊर्जा देणारा साठा) भरून यायला तेवढा वेळ लागतो. तीच लिफ्ट पुन्हा जड करायची तर 48 ते 72 तास जाऊ द्या.

हलक्या वजनाचे 25-30 रेप्स, तेही हात उचलेनासा होईपर्यंत, हा प्रकार फसवा. वजन हलकं म्हणून दुसऱ्याच दिवशी परत करावंसं वाटतं, पण पार दमेपर्यंत ताणलेल्या सेटला सावरायला एखादा दिवस जास्तच लागतो. स्लेड (वजन लादलेली, जमिनीवरून सरकवायची घसरगाडी) ढकलण्यात वजन खाली उतरवायचं नसतं, म्हणून दुखणं नगण्य. दोन जड दिवसांच्या मध्ये ते चालून जातं.

खरी परीक्षा वॉर्मअपमध्ये. समजा तुमचा नेहमीचा स्क्वॉट (खांद्यावर बार घेऊन उठबस) 80 किलो, 8 रेप्सचे 4 सेट. आधी 50 किलोचे 5, मग 65 किलोचे 3 करा. 65 नेहमीच्या वेगाने वर आलं, तर थोडं दुखत असलं तरी ठरलेलं काम करा. बार रेंगाळला किंवा नेहमीइतकं खाली बसता आलं नाही, तर वजन 10 टक्के उतरवा आणि 4 ऐवजी 2 सेट करा.

सावरण्यात सगळ्यात मोठा वाटा झोपेचा, 7 ते 9 तास. प्रथिनं दर किलो वजनामागे दिवसाला सुमारे 1.6 ग्रॅम, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 96. ती 3-4 वेळांत विभागा. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवा. 15-20 मिनिटं चालल्याने तेवढ्यापुरतं मोकळं वाटतं. स्ट्रेचिंगचा उपयोग लोक समजतात त्यापेक्षा बराच कमी. स्नायू वाढवायचे असतील तर दर व्यायामानंतर बर्फाच्या पाण्यात बसू नका, वाढ मंदावते. वेदनाशामक गोळी घेऊन वजन उचलणं तर नकोच. शरीराची सूचनाच दबते.

टोचल्यासारखी, सांध्यात किंवा एकाच बिंदूवर होणारी कळ म्हणजे अंग आंबणं नव्हे. स्नायू सुजून कडक झाला, हात सरळ होईना आणि लघवी गडद तपकिरी झाली, तर पाणी पीत वाट बघू नका. लगेच रुग्णालय गाठा. तुटलेल्या स्नायूंतली द्रव्यं मूत्रपिंड निकामी करू शकतात.