घरी कुणी बघणारं नसलेलं मूल वर्गात असेल तर
मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. दसरा-दिवाळीनंतर आईबाप ऊसतोडीला जातात, पोरं आजीकडे राहतात. काहींचे बाप गावातच असतात, पण दारूपायी असून नसल्यासारखे.

असं मूल ओळखायचं तर सोमवारी पोषण आहाराच्या रांगेत बघा. रविवारी उपाशी राहिलेलं पोर खिचडी भराभरा गिळतं आणि धाकट्या भावासाठी थोडी डब्यात लपवतं. सगळ्यांदेखत काही विचारू नका. आधी पुन्हा वाढा, डबाही भरून द्या. नंतर ओट्यावर शेजारी बसवून एवढंच विचारा, "काल रात्री घरी कोण होतं रे?"

'कुणाला सांगणार नाही' असं वचन मात्र देऊ नका. मारहाण कळली तर गप्प बसताच येत नाही. तेव्हा १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन लावा. फुकट आहे, रात्रीही लागतो.

आई किंवा वडील वारले असतील तर बालसंगोपन योजनेचा अर्ज भरा. महिन्याला २,२५० रुपये मिळतात. आजीला कागदपत्रं जमत नाहीत, महिला व बालविकास कार्यालयात तुम्हीच सोबत जा. आईबाप ऊसतोडीला गेल्यावर पोरांना गावातच ठेवणाऱ्या हंगामी वसतिगृहासाठी मुलांची नावं ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या आधीच मुख्याध्यापकांकडे द्या.