पेटीच्या साथीपासून अरेंजिंगपर्यंत: कसं शिकायचं, कुठून सुरुवात करायची

मुलगा कीबोर्डवर कुठलंही गाणं ऐकून वाजवतो, आता त्याला म्युझिक डायरेक्टर करायचंय तर कुठला कोर्स लावू, असं विचारणारे पालक मला महिन्यातून दोन तरी भेटतात आणि माझं उत्तर ठरलेलं आहे, कोर्स नंतर बघू, आधी त्याला कुणाच्या तरी मागे साथीला बसवा. हे ऐकून बहुतेकांचा चेहरा पडतो, कारण साथ म्हणजे दुय्यम काम असं आपल्याकडे डोक्यात बसलंय. पण मी आज जे थोडंफार अरेंजिंग करतो, म्हणजे गाण्यात कुठलं वाद्य कुठे काय वाजवेल ते ठरवतो, ते सगळं साथीतून आलंय, आणि ते कसं येतं ते एकदा नीट लिहून काढतो म्हणजे दर वेळी फोनवर सांगायला नको.

मी कुडाळचा. आमच्याकडे डबलबारी भजनं असतात, म्हणजे दोन बुवा समोरासमोर आणि गाव रात्रभर जागं. बाबा एका मंडळात पेटी वाजवायचे, मी मागे झांज घेऊन कोरसमध्ये, आणि बाबा चहाला उठले की पेटी माझ्याकडे. एकदा मी सातवीत असताना अशीच पेटी हातात आली आणि मी अभंगात दिसेल तिथे ताना भरायला लागलो, बुवा गातायत आणि मी त्यांच्या डोक्यावरून वाजवतोय. दोन कडवी त्यांनी सहन केलं, मग पखवाजाच्या आवाजातच वळून म्हणाले, "अरे मेल्या, माका श्वास तरी घेऊक दी!" लोक हसले, मी लाल झालो. पण गाणारा श्वास कुठे घेतो, शब्द कुठे संपतो आणि वाद्याने नेमकं कुठे बोलायचं, हा पहिला धडा मला तिथे मिळाला आणि पुढे कुठल्याच पुस्तकात याहून सोप्या भाषेत मिळाला नाही.

तर घरात लहान मूल असेल तर पहिलं काम, कीबोर्डवरचं ट्रान्स्पोजचं, म्हणजे पट्टी आपोआप बदलून देणारं, बटण चिकटपट्टी लावून बंद करा. मस्करी नाही करत. हल्लीची पोरं सगळी गाणी पांढरी 1 मध्ये, म्हणजे सप्तकातल्या पहिल्या पांढऱ्या पट्टीला (इंग्रजी सी) सा धरून वाजवतात आणि गायकाची पट्टी काळी 4 निघाली की बटण दाबून मोकळी होतात, त्यामुळे बोटांना एकच घर माहीत असतं. रोज एकच ओळ बाराही पट्ट्यांत वाजवायची, पाच मिनिटं पुरतात, पण रोज. दुसरं, कीबोर्डचा आपोआप वाजणारा ठेका, ऑटो रिदम, बंद. ठेका पायाने धरायचा, नाहीतर टाळीने. परीक्षा द्यायच्या तर द्या, गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, नाहीतर ट्रिनिटीच्या ग्रेड, त्याने शिस्त लागते हे खरं, पण विशारद झालेली आणि तरी अनोळखी गाण्याला साथ न करता येणारी माणसं मी बघितलीत. म्हणून आठवड्यातून एक दिवस तरी पोराने दुसऱ्यासाठी वाजवायचं, शाळेची प्रार्थना असो, आजीचं भजनी मंडळ असो, गणपतीतली आरती असो. आरतीला तर कुणीही कुठल्याही पट्टीत सुरू करतं आणि मध्येच वर चढतं, त्याहून चांगलं ट्रेनिंग नाही :)

साधारण दोन-तीन वर्षं असं वाजवून झालं की ऐकायची पद्धत बदलायची. आपण गाणं ऐकतो म्हणजे खरं तर गायकच ऐकतो. आता एक आवडतं गाणं घ्या आणि आठवडाभर त्यातला फक्त बेस, म्हणजे खालच्या जाड सुरांची ओळ, ऐका, पुढच्या आठवड्यात फक्त व्हायोलिन, मग फक्त साइड रिदम, म्हणजे खंजिरी, घुंगरू असली जोडीची तालवाद्यं. एका कागदावर घड्याळ लावून लिहा, 0:00 ते 0:14 इंट्रो, 0:14 ला मुखडा, कुठे बासरी आली, कुठे सगळी वाद्यं गप्प झाली. मी वहीत अशी साठ-सत्तर गाणी लिहून काढली होती आणि विसाव्या गाण्याच्या आसपास लक्षात यायला लागलं की चांगला अरेंजर गायक ओळ धरून ठेवतो तिथे व्हायोलिन हलवतो आणि शब्द भराभर येतात तिथे व्हायोलिन लांब सुरावर ठेवतो. बुवांनी सांगितलेलंच होतं ते!

आता चाल लावणं. नवशिक्या माणसाने स्वतःच्या कविता घेऊन बसू नये असं माझं प्रामाणिक मत आहे, कारण चाल अडली की तो शब्द बदलतो आणि शब्द अडले की चाल, शेवटी दोन्ही मिळमिळीत. संतांचे अभंग घ्या. मोठ्या अभंगात चार चरण, पहिले तीन सहा-सहा अक्षरांचे आणि शेवटचा चार अक्षरांचा. आधी नुसतं मोठ्याने वाचा, कुठल्या शब्दावर आपोआप जोर येतो ते बघा, मग आठ मात्रांच्या भजनी ठेक्यात बसवा. गंमत त्या शेवटच्या चार अक्षरांत आहे, तिथे दोन अक्षरं कमी पडतात म्हणजे जागा उरते, एकतर गायक ते अक्षर लांबवतो नाहीतर पेटीवाला काहीतरी भरतो. ते जे भरता तोच तुमचा पहिला फिलर, म्हणजे अरेंजिंग तिथूनच सुरू झालं, तुम्हाला कळलं असो वा नसो. एकाच अभंगाला तीन चाली लावा, तीन वेगळ्या रागांत, आणि तिन्ही घरच्यांना ऐकवा, दुसऱ्या दिवशी त्यांना जी गुणगुणता येईल ती ठेवा. अंतऱ्याच्या शेवटची क्रॉस लाइन, जी परत मुखड्यावर आणून सोडते, तिच्यावर सगळ्यात जास्त वेळ घालवा, कारण चाली बहुतेक तिथेच फसतात.

कॉर्ड्सचं, म्हणजे एकदम वाजवलेल्या तीन-चार सुरांचं, आपल्या लोकांचं एक ठरलेलं चुकतं ते सांगतो. कीबोर्ड शिकलेला मुलगा सी, एफ, जी असे तीन कॉर्ड शिकतो आणि जगातली सगळी गाणी त्यात बसवतो. पांढरी 1 चा सा धरून संध्याकाळचा राग यमन घ्या. यमनात शुद्ध मध्यम नाही, तीव्र आहे, आणि एफ मेजरचा पायाच शुद्ध मध्यम! तो कॉर्ड वाजला की यमन गेला. त्याऐवजी डी मेजर वाजवून बघा, म्हणजे रे, तीव्र म, ध, किंवा बी मायनर, नि रे आणि तीव्र म, लगेच संध्याकाळ होते. भूपात तर आणखी मजा, पाचच स्वर, त्यामुळे त्या स्वरांतून साधे तीन सुरांचे कॉर्ड दोनच निघतात, सी मेजर आणि ए मायनर. मग दोन कॉर्डवर अख्खं गाणं कसं काढायचं? बेस हलवायचा, रे-प-ध असे सस्पेंडेड, म्हणजे मधला सूर बदललेले कॉर्ड धरायचे, किंवा सरळ कॉर्ड न वाजवता दुसऱ्या वाद्याला समांतर एक ओळ द्यायची. कॉर्ड हवेतच असं कुठे लिहिलंय. ज्या जागी तानपुरा आणि एक बासरी पुरते तिथे पाच कॉर्ड घालणं म्हणजे आमटीत गरम मसाला, श्रीखंडातही गरम मसाला.

यानंतर लिहायला शिका. हा टप्पा सगळे टाळतात. भातखंडे किंवा पलुस्कर पद्धतीची स्वरलिपी चाल जपून ठेवायला उत्तम, पण दहा जणांनी एका वेळी दहा वेगवेगळ्या ओळी वाजवायच्या असतील तर स्टाफ नोटेशनला, म्हणजे पाच रेघांवरच्या पाश्चात्त्य स्वरलिपीला, पर्याय नाही. हिंदी सिनेमात गोव्याची माणसं एवढी का होती, तर याचसाठी. तिकडे चर्चच्या शाळांमध्ये पोरांना लहानपणीच सोल्फेज (सुरांची नावं घेत कागदावरून गाणं) आणि व्हायोलिन शिकवायचे, त्यामुळे मुंबईला आल्यावर कागद समोर ठेवला की वाजवायची. संगीतकार पेटीवर चाल सांगणार आणि सेबॅस्टियन डिसोझांसारखा अरेंजर ती अख्ख्या ऑर्केस्ट्रासाठी लिहून काढणार, शंकर-जयकिशनच्या गाण्यांतली ती व्हायोलिनं आठवा. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस अरेंजर होते आणि प्यारेलालजी त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले. लक्ष्मीकांत मँडोलिनवर, प्यारेलाल व्हायोलिनवर, दोघंही पोरवयापासून दुसऱ्यांच्या रेकॉर्डिंगमध्ये वाजवायचे, मग कल्याणजी-आनंदजींकडे सहायक, आणि मग 1963 साली स्वतःच्या नावाने पहिला सिनेमा. आपल्याकडे अनिल-अरुण तसेच, अनिल मोहिले आणि अरुण पौडवाल आधी एस. डी. बर्मन यांच्याकडे काम करत होते. म्हणजे वाट तीच आहे, आधी साथ, मग दुसऱ्याच्या चालीचं अरेंजिंग, मग स्वतःची चाल.

नोटेशन मी सावंतवाडीला एका गोव्याच्या व्हायोलिन मास्तरांकडे शिकलो, एसटीने जाऊन येऊन, दीड वर्ष. आणि तरी पहिल्या खऱ्या रेकॉर्डिंगला माती खाल्ली. गाणं काळी 1 मध्ये होतं, मी अगदी आत्मविश्वासाने सी शार्प मेजर लिहिलं, सात शार्प (अर्धा सूर चढवलेले स्वर). एका वयस्कर व्हायोलिनवाल्या अंकलनी चष्मा कपाळावर चढवला, कागद लांब धरला, आणि म्हणाले, "बाबा, ये क्या दुश्मनी है? डी फ्लॅट में लिख ना." स्वर तेच, पण डी फ्लॅटला पाचच फ्लॅट (अर्धा सूर उतरवलेले स्वर) लागतात आणि डोळ्यांना सवयीची की, म्हणजे पट्टी, आहे. क्लॅरिनेटवाल्याचं तर आणखी वाईट झालं, त्याचं वाद्य बी फ्लॅटचं, लिहिलेल्यापेक्षा एक पूर्ण सूर खाली वाजणारं, म्हणजे त्याला सगळं एक पूर्ण सूर वर लिहून द्यावं लागतं, माझ्या हिशोबाने त्याला डी शार्प मेजर आलं, नऊ शार्पची की, अशी की कुणी लिहीतच नाही. डी फ्लॅट धरलं असतं तर त्याला सरळ तीन फ्लॅटचं ई फ्लॅट मिळालं असतं. अर्धा तास सगळे चहा पीत बसले आणि मी कोपऱ्यात बसून पार्ट, म्हणजे प्रत्येक वाद्याचे वेगळे कागद, परत लिहिले, स्टुडिओचं मीटर चालू.

म्हणून प्रत्येक वाद्याची एक पान माहिती स्वतः करून ठेवा, नेटवरून उतरवलेली नाही, वाजवणाऱ्याच्या शेजारी बसून काढलेली. व्हायोलिन मधल्या पांढरी 1 च्या खालच्या पांढरी 5 पर्यंतच खाली जातं, त्याखाली लिहिलंत तर तो तुमच्याकडे नुसता बघत राहील. त्याच्या मोकळ्या तारा जी, डी, ए, ई, त्यामुळे आपल्या गायकांच्या काळ्या पट्ट्यांत मोकळी तार फारशी कामाला येत नाही आणि वेगवान ओळ कठीण जाते. बासरीत सहाही भोकं बंद केली की मंद्र पंचम, म्हणजे खालच्या सप्तकातला प, आणि पट्टी बदलली की बासरी बदलते, तर मध्येच पट्टी बदलणार असाल तर त्याला पिशवीतून दुसरी काढायला दोन बार (तालाचे दोन ठरावीक तुकडे) द्या. फुंकणाऱ्या प्रत्येक माणसाला श्वास लागतो, हे मी परत सांगत नाही, बुवांनी सांगून झालंय.

कॉम्प्युटरचं थोडक्यात. रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरपैकी रीपर, क्यूबेस, लॉजिक, काहीही चालेल, नोटेशनला म्यूझस्कोर फुकट आहे. महागडी सँपल लायब्ररी, म्हणजे खऱ्या वाद्यांच्या रेकॉर्ड केलेल्या आवाजांचा साठा, पहिल्या वर्षी घेऊच नका. धोका एवढाच की कॉम्प्युटरमधलं व्हायोलिन दमत नाही, श्वास घेत नाही आणि तक्रार करत नाही, त्यामुळे तुम्ही काहीही लिहिता आणि ते वाजतं. उपाय असा, जी ओळ प्रोग्रॅम केली ती आधी स्वतः तोंडाने गाऊन बघा. गाता आली नाही तर बहुतेक वेळा ती ओळ नाहीच, नुसती बोटं फिरलीत.

पहिलं अरेंजिंग लहान ठेवा. पेटी, बासरी, तबला, बेस, एवढंच. आठ बारचा इंट्रो, मुखडा, मग नुसत्या वाद्यांचा आठ बारचा म्युझिक पीस, अंतरा. म्युझिक पीस करताना एकच नियम पाळा, पीसच्या शेवटच्या दोन बारमध्ये गायकाला त्याचा पहिला सूर आणि सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, दोन्ही ऐकू आले पाहिजेत. पीस कितीही झकास असला आणि गायक अंतऱ्याला चाचपडला तर चूक तुमची. झालं की चौघांना खरंच बसवून वाजवून घ्या, मोबाइलवर रेकॉर्ड करा, आणि ऐकताना जे काढून टाकलं तरी कुणाला कळणार नाही ते काढा. माझ्या पहिल्या अरेंजिंगमधून जवळजवळ अर्धं गेलं होतं.

पैशाचंही बोलून टाकू, कारण सुरुवातीला लाजेने कुणी विचारत नाही. चाल लावणारा संगीतकार आणि शब्द लिहिणारा गीतकार यांना 2012 च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्याने रॉयल्टीतला वाटा आहे, थिएटरमध्ये सिनेमा दाखवणं सोडून इतर वापराचा, आणि तो वाटा कंपनीच्या नावे लिहून देता येत नाही. त्यासाठी आयपीआरएस, म्हणजे इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी, ही 1969 पासूनची संस्था आहे, चाल कुठे प्रसिद्ध झाली की मेंबर व्हा. अरेंजरला मात्र साधारणपणे एकदाच मानधन, म्हणून कामाआधी दोन गोष्टी मेसेजवर लेखी घ्या, रक्कम, आणि "संगीत संयोजन" असं नाव कुठे येणार ते. आणि अरेंजिंग करता करता मुखडाच तुम्ही लावला असेल तर ते त्याच दिवशी बोला. मी एकदा नाही बोललो. ते गाणं अजून लग्नात वाजतं, मी जेवणाच्या रांगेत ऐकतो.

आणि रेकॉर्डिंगला जाताना प्रत्येक पार्टची एक जास्तीची प्रत, चार पेन्सिली, खोडरबर. पेनने लिहू नका, कारण तिथे बदल होतातच. पार्ट दोन पानांचा असेल तर पान उलटायची जागा अशी ठेवा की वाजवणाऱ्याला तिथे तीन-चार बार विश्रांती असेल, आणि त्या ओळीवर ठळक लिहा, "पान उलटा". त्या अंकलनी दुसऱ्या वेळी माझा कागद बघितला, ते वाचलं, काही बोलले नाहीत, फक्त चष्मा नाकावरच ठेवला.