डिब्राइडर, ड्रिल आणि पायाखालचं पेडल

ईएनटीला नवीन रेसिडेंट आले की सगळ्यांचा डोळा डिब्राइडरवर, म्हणजे नाकातलं टिशू ओढून कापणाऱ्या मोटरच्या हत्यारावर, कधी एकदा हातात मिळतोय असं झालेलं असतं, आणि साहजिकच आहे म्हणा, नाकातला पॉलिप, म्हणजे मऊ फुगवटा, स्क्रीनवर सपासप साफ होताना बघायला मजाच येते. पण एक लक्षात घ्या, फोर्सेपने, म्हणजे साध्या चिमट्याने, काम करताना हाताला कळतं की आता काहीतरी कडक लागलं, आता काहीतरी ओढलं जातंय, थांबा. पॉवरच्या हत्यारात हे कळणं जवळपास बंद होतं. हात फक्त टोक कुठे आहे ते ठरवतो, कापतो तो पेडलवरचा पाय. त्यामुळे इथे पेडलबद्दल आणि सक्शनबद्दलच जास्त लिहिलंय, हाताच्या कौशल्याबद्दल तुमचे सर ओरडून सांगतीलच.

आधी डिब्राइडर चालतो कसा ते बघू. हे आर्थ्रोस्कोपीवाल्यांचं, गुडघ्याच्या सांध्यात वापरायचं हत्यार, तिथून सायनसच्या ऑपरेशनमध्ये आलं ते 1994 च्या आसपास. बाहेर एक नळी, तिच्या टोकाशी एका बाजूला खिडकी, आत दुसरी नळी फिरते. सक्शन टिशूला खिडकीत ओढतं, आतलं पातं ते कापतं आणि तुकडा ट्यूबमधून बाटलीत जातो. म्हणजे दाबून काहीही होत नाही! दाबावंसं वाटतंय याचा अर्थ सक्शन कमी पडतंय, ब्लेड चोक झालंय नाहीतर पातं बोथट झालंय. अशा वेळी बाहेर या, वाटीतलं सलाईन ओढून बघा, मग परत आत जा. स्पीडचंही तसंच आहे. पॉलिपसारख्या मऊ टिशूला ऑसिलेट मोड, म्हणजे पातं एकदा इकडे एकदा तिकडे फिरतं, आणि त्यात साधारण 5000 आरपीएमच्या वर जायची गरजच नसते. बऱ्याच जणांना वाटतं स्पीड वाढवला की जास्त कापेल. होतं उलटं, खिडकी उघडी राहायला वेळच मिळत नाही आणि टिशू आत यायच्या आधीच पातं पुढे गेलेलं असतं. हाडासाठी बर, म्हणजे हाड घासणारं फिरतं टोक, लावला की मग एकाच दिशेने आणि जास्त स्पीडने.

केस सुरू होण्याआधी सीटी स्वतः बघा, रिपोर्ट वाचून भागणार नाही. डोळा आणि नाक यांच्या मधली लॅमिना पॅपिरेशिया, नावाप्रमाणेच कागदासारखी, कुठे तुटलेली किंवा आत झुकलेली आहे का? वर क्रिब्रिफॉर्म प्लेट, म्हणजे नाक आणि मेंदू यांच्या मधलं हाड, किती खोल उतरलीय? केरोसच्या वर्गीकरणाच्या हिशोबाने 1 ते 3 मिमी, 4 ते 7 आणि 8 च्या पुढे, आणि जितकं खोल तितकी बाजूची पातळ भिंत उंच, म्हणजे वर मेंदूकडे शिरायला तितकी मोठी जागा. दोन्ही बाजू वेगवेगळ्या असू शकतात. मागे ओनोडी सेल, म्हणजे सायनसचा सगळ्यात मागचा एक कप्पा, आहे का, कारण ऑप्टिक नर्व्ह, म्हणजे दृष्टीची नस, तिथून जाते. रिव्हिजन केस, म्हणजे आधी ऑपरेशन झालेली, असेल, किंवा 2021 मध्ये म्युकरच्या (काळ्या बुरशीच्या) लाटेत महाराष्ट्रातल्या ओटींमध्ये यायचे तसे हाड खाल्ले गेलेले पेशंट असतील, तर पुस्तकातल्या खुणा जागेवर असतीलच असं धरूच नका.

दोन्ही डोळे ड्रेपच्या, म्हणजे झाकायच्या कापडाच्या, बाहेर ठेवा. हे एवढं सांगूनही कोणीतरी झाकतोच. काम चालू असताना सिस्टरला किंवा असिस्टंटला सांगून ठेवा की डोळा हलला, फुगला, बाहुली मोठी झाली तर लगेच बोला, नंतर नाही. मध्ये मध्ये डोळ्यावर बोटाने हलकं दाबून एंडोस्कोपमधून बघायचं, आतली भिंत किंवा डोळ्याभोवतीची चरबी हलली तर तिथे हाड शिल्लक नाही हे समजून घ्या आणि त्या बाजूला डिब्राइडर बंद. खिडकीचं तोंड डोळ्याकडे कधीच करायचं नाही. पिवळट काहीतरी आलं आणि शंका वाटली तर सलाईनच्या वाटीत टाका, चरबी तरंगते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. समजा चरबी खिडकीत ओढली गेलीच, तर पहिला झटका असतो तो हात मागे खेचायचा. खेचू नका! पाय उचला, आणि लक्षात ठेवा की पाय उचलला तरी सक्शन चालूच असतं, मशीन थांबलं म्हणजे धरलेलं सुटलं असं नाही. सक्शनची ट्यूब दुमडा किंवा काढायला सांगा, मग ब्लेड अलगद सोडवा. या हत्याराने डोळ्याचा मेडियल रेक्टस, म्हणजे डोळा नाकाकडे वळवणारा स्नायू, डोळ्याचं पातं लवेपर्यंत जातो, आणि गेलेला स्नायू नंतर शिवून पूर्ववत होत नाही. डोळा दगडासारखा कडक झाला तर नाकातलं पॅक काढा, नेत्रवाल्यांना बोलवा, पण त्यांची वाट बघत बसू नका, लॅटरल कँथोटॉमी आणि कँथोलिसिस, म्हणजे डोळ्याचा बाहेरचा कोपरा कापून दाब मोकळा करणं, तुम्हालाच यायला हवं. रक्तपुरवठा तुटला की रेटिनाकडे तास-दीड तास असतो, ओपीडीतून डॉक्टर येईपर्यंत त्यातला अर्धा निघून जातो.

पेडल. एकाच वेळी जमिनीवर कॉटरीचं (जाळून रक्त थांबवायच्या मशीनचं), डिब्राइडरचं, ड्रिलचं असे दोन-तीन पेडल, वर अंधार, आणि तुमची नजर स्क्रीनवर. कोणतं पेडल कुठल्या पायाला हे सुरुवातीलाच ठरवा आणि केसभर बदलू नका. जे लागत नाही ते असिस्टंटला सरळ मागे सरकवायला सांगा. नाकात जाताना आणि बाहेर येताना पाय जमिनीवर, पेडलवर टेकवूनसुद्धा ठेवायचा नाही. टोक दिसत नसेल, लेन्सवर रक्त आलं असेल, धूसर झालं असेल, तर "थोडंसंच राहिलंय" म्हणत चालवायचं नाही. हँडपीस सिस्टरकडे देताना मशीन स्टँडबायवर. ब्लेड किंवा बर बदलतानाही तेच, कुणाचं बोट कापलं जायला एक चुकीचा पाय पुरतो.

मॅस्टॉइडच्या, म्हणजे कानामागच्या हाडाच्या, ड्रिलची गोष्ट थोडी वेगळी. मायक्रोमोटर 40 हजार आरपीएमपर्यंत जातात, धोका मुख्यतः उष्णतेचा आणि घसरण्याचा. पाणी सतत हवं, आणि ते बरवर पडायला हवं, शेजारी नाही. पाणी थांबलं की हाड तापतं, आणि फेशियल नर्व्ह, म्हणजे चेहऱ्याची नस, कापली गेली काय की नुसती तापली काय, दोन्ही सारखंच वाईट. सुरुवातीला जमेल तेवढा मोठा बर घ्या, छोटा बर सुरक्षित वाटतो पण तोच पटकन खड्डा करून आत घुसतो. बरच्या टोकाने नाही, बाजूने घासा, आणि फेशियलच्या जवळ गेलात की नर्व्हच्या दिशेला समांतर, आडवं कधीच नाही. सिग्मॉइड सायनस (मेंदूची मोठी शीर), ड्युरा (मेंदूचं आवरण), नर्व्ह यांच्याजवळ कटिंग बर ठेवून द्या आणि डायमंड बर घ्या, पण डायमंड जास्त तापतो म्हणून पाणीही जास्त. इन्कसला, म्हणजे कानातल्या एका छोट्या हाडाला, फिरता बर टेकला तर तो धक्का थेट आतल्या कानात जातो, पेशंटचा ऐकू येण्याचा भाग कायमचा जाऊ शकतो. नर्व्ह मॉनिटर लावणार असाल तर भूलवाल्यांना आधीच सांगा, मसल रिलॅक्संट चालू असेल तर मॉनिटर गप्पच बसणार.

कापूस, पॅटी (दोरा लावलेली छोटी पट्टी), रिबन गॉज हे ड्रिल चालू करायच्या आधी मैदानातून बाहेर. पॅटीचा दोरा बरला लागला तर भोवऱ्याची जाळी गुंडाळावी तसा क्षणात गुंडाळला जातो आणि ड्रिल त्याच्या मागे ओढलं जातं. आणखी एक, लांब बरचा दांडाही फिरत असतो, नाकातून काम करताना तो नाकपुडीच्या कडेला किंवा ओठाला घासून भाजतो आणि भूल दिलेला पेशंट काही सांगणार नाही. हँडपीस हाताला गरम लागायला लागला तर "थोडं चालवून घेऊ" नको, बदला. हाडाची धूळ उडते, चष्मा आणि मास्क नीट लावा.

स्पेसिमेन, म्हणजे तपासणीला पाठवायचा तुकडा, सक्शनच्या बाटलीत जातं, म्हणून लाइनमध्ये ते अडकवणारा ट्रॅप लावा आणि दोन्ही बाजूंचं वेगळं पाठवा. एका बाजूचा पॉलिप तर हमखास पाठवायचाच, त्यात इन्व्हर्टेड पॅपिलोमा नावाची गाठ निघू शकते.

साफसफाईबद्दल थोडं. ब्लेडवर एकदाच वापरायचं असं छापलेलं असतं आणि आपल्याकडे ते किती पाळलं जातं हे सगळ्यांनाच माहीत आहे. आतल्या आणि बाहेरच्या नळीच्या मधे जे अडकतं ते ब्रशने पूर्ण निघत नाही, आणि बोथट पातं कापत नाही, फाडतं. हँडपीस केस संपल्या संपल्या फ्लश करायला लावा, सक्शनच्या नळीत रक्त वाळलं की ते काढणं म्हणजे डोकेदुखी. कोणता हँडपीस पाण्यात बुडवायचा, कोणता ऑटोक्लेव्ह करायचा हे कंपनीच्या मॅन्युअलप्रमाणे, सीएसएसडीच्या (हत्यारं निर्जंतुक करणाऱ्या विभागाच्या) सवयीप्रमाणे नाही. आणि केबल हँडपीसभोवती घट्ट गुंडाळू नका, मोठा वेटोळा करून ठेवा, वायर आतून तिथेच तुटते आणि मग पुढच्या केसला मशीन नेमकं मध्येच बंद पडतं.