गजन पिन ठोकून बसवू नका

भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा भर दुपारी गजन पिन (पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड जोडणारी पिन) अंगठ्याने दाबली तरी नव्या पिस्टनमध्ये सरकते. तीच पिन जानेवारीतल्या सकाळी अडून बसते आणि हात हातोडीकडे जातो. तिथेच थांबा! ठोक्याने रॉड वाकू शकतो, पिनच्या भोकाला ओरखडे पडतात. पिस्टन कढत पाण्यात ५-१० मिनिटं ठेवा. अॅल्युमिनियम स्टीलपेक्षा जास्त प्रसरण पावतं, त्यामुळे भोक मोकळं होतं. बाहेर काढून कोरडा पुसा, पिनला इंजिन ऑइल लावा आणि एका दमात सरकवा.

पिस्टनवरचा बाण बहुतेक कारमध्ये टायमिंग चेन किंवा बेल्टच्या बाजूला असतो. रॉडची खूण कुठे येते, याचा फोटो जुना जोड सोडण्याआधीच काढा.

सर्क्लिप (पिन बाहेर सरकू नये म्हणून तिच्या टोकांशी बसणारी स्प्रिंगची रिंग) नवीच वापरा. बसवल्यावर खाचेत सगळीकडून टेकली का, ते उजेडात नीट बघा. तिचं तोंड वर किंवा खाली ठेवा, क्लिप काढण्यासाठी ठेवलेल्या खाचेसमोर नको. निसटलेली सर्क्लिप सिलिंडरची भिंत खरवडून टाकते.

सर्क्लिप नसलेली, रॉडमध्ये घट्ट बसणारी पिन असेल तर काम मशीन शॉपलाच द्या. तिथे रॉडचं लहान टोक तापवून पिन बसवतात.