धनगरवाड्याचा इतिहास कसा लिहून ठेवावा

मी 31 वर्षं पशुधन पर्यवेक्षक म्हणून नोकरी केली, त्यातली बहुतेक वेल्हे, भोर आणि मुळशी या तीन तालुक्यांत. मिरग लागायच्या आत म्हशींना घटसर्पाची लस टोचून व्हायला हवी, म्हणून वैशाखाच्या उन्हात खांद्याला बर्फाची पेटी अडकवून घाटमाथ्यावरचे धनगरवाडे, म्हणजे धनगरांच्या घरांचे पुंजके, गाठायचे. बर्फ विरघळायच्या आत पोचलं पाहिजे, म्हणून पहाटे निघायचं. लस टोचून झाली की ताक यायचं, आणि ताकाबरोबर गोष्टी. पहिली दहा वर्षं मी त्या नुसत्या ऐकल्या. लिहून घ्यायचं सुचलं तोवर सांगणाऱ्यांतले निम्मे गेले होते. तुमच्या ओळखीत असा एखादा वाडा असेल, तिथं एखादी म्हातारी अजून दारात बसत असेल, तर ही सगळी पद्धत तुमच्यासाठी लिहितो आहे.

मावळाचा इतिहास म्हटलं की आपल्यासमोर देशमुख येतात. रोहिड खोऱ्यातले कारीचे जेधे, हिरडस मावळातले बांदल, गुंजण मावळातले शिळीमकर, मोसे खोऱ्यातले पासलकर. त्यांची वतनं होती, भांडणं होती, त्यामुळे कागद झाले आणि कागद टिकले. पण हे सगळं भाताच्या खाचरांपर्यंत. खाचरं संपून कारवीच्या झुडपांचं रान लागतं, त्याच्या वर जो म्हशी घेऊन राहिला, तो गवळी धनगर कागदात जवळजवळ दिसतच नाही. दिसला तर वनचराई आणि म्हैसपट्टी या करांच्या नावातून. नाहीतर रायगडच्या हिरकणीसारखा एखाद्या आख्यायिकेतून. त्याचे कागद म्हणजे दगड, झरे, वाटांची नावं आणि माणसांची आठवण. ते वाचायची रीत वेगळी आहे.

आधी खोरं समजून घ्या

एकच खोरं घ्या आणि त्यातला एकच वाडा. सगळं मावळ एकदम धरायला जाल तर हाती काही लागणार नाही. मावळ ही नद्यांची मांडणी आहे: इंद्रायणीचं नाणे मावळ, आंद्रेचं आंदर मावळ, पवनेचं पवन मावळ, तसंच खाली मोसे, कानद, गुंजण, वेळवंड. नावही जुनं आहे. कार्ल्याच्या लेण्यांतल्या सातवाहनकालीन लेखात ‘मामाल’ येतं, ते हेच. तेव्हा तुम्ही ज्या खोऱ्यात उभे राहणार आहात, तिथली माणसं आणि जनावरं दोन हजार वर्षांच्या येण्याजाण्याच्या वाटेवरची आहेत, एवढं मनात असू द्या.

भारतीय सर्वेक्षण विभागाचा त्या भागाचा नकाशा मिळवा आणि त्यावर पेन्सिलीनं तीन पट्टे काढा. तळाला नदी आणि खाचरं. मधे उतारावरची वरकस जमीन, जिथं राब म्हणजे पालापाचोळा-फांद्या भाजून नाचणी-वरई करायचे. वर सडा म्हणजे खडकाळ पठार, आणि रान. मग बारमाही पाणी शोधा. वाडा नेहमी अशा झऱ्याजवळ असतो जो मे महिन्यातही आटत नाही. मी नवीन भागात बदलून गेलो की वाडे विचारायच्या आधी पाणी विचारायचो. पाणी कळलं की वाडे आपोआप कळत.

कोणता धनगर, ते आधी ठरवा

इथं शिकलेली माणसंही गोंधळतात, म्हणून जरा थांबून सांगतो. घाटमाथ्यावर कायम राहणारा तो गवळी धनगर, त्याचं धन म्हशी आणि गाई. आणि दिवाळीनंतर बारामती, फलटण, पुरंदरकडून मेंढरं घेऊन खोऱ्यातून कोकणात उतरणारा आणि पावसाच्या आत परत फिरणारा तो मेंढपाळ धनगर. दोघांची नाती वेगळी, रीत वेगळी, बोली वेगळी. घोंगडं, त्याला लावायची चिंचोक्याची खळ, शेतात मेंढ्या बसवून त्याचं धान्य किंवा पैसे घेणं, रात्री मेंढरांभोवती वाघर म्हणजे जाळं लावणं, सुंबरान म्हणजे देवाचं स्मरण मांडून ओव्या गाणं हे मेंढपाळांचं. लोणी कढवून तूप करणं आणि ते डोक्यावरून घाट उतरवणं हे गवळ्यांचं.

असं का, याचं उत्तर मला जनावरांच्या पायात सापडलं. दख्खनी मेंढीला ओल सोसत नाही. सतत चिखलात उभी राहिली की तिचे खूर कुजतात. बारामती-फलटणकडे वर्षाला 500 मिलिमीटरच्या आसपास पाऊस. ताम्हिणीसारख्या ठिकाणी तो 5000 च्याही वर जातो. तिथं आषाढात मेंढरू जगणार नाही, म्हैस मात्र आनंदानं डुंबेल. तेव्हा वाड्याचा इतिहास लिहिताना पहिला प्रश्न राजा कोण होता हा नसावा. पाऊस किती आणि जनावर कोणतं, हा असावा.

मेंढपाळांची नोंद करायची असेल तर वाड्यावर जाऊन उपयोग नाही, त्यांच्यासोबत दोन-तीन मुक्काम चालावं लागतं. त्यांच्यात ‘वाडा’ म्हणजे घरांचा पुंजका नसून एकत्र फिरणाऱ्या कुटुंबांचा जथाच. इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी पुण्याच्या आसपास याच वाटा पायी तुडवत आणि वाटेवरच्या देवस्थानांजवळ अश्मयुगीन बारीक गारगोटीची हत्यारं शोधत. ती नजर घेऊन चाललात तर फार दिसेल. मी पुढं गवळी धनगरांबद्दलच सांगतो, कारण मला ते माहीत आहेत.

केव्हा जावं, काय विचारू नये

पावसात जाऊ नका, लावणी-कापणीत जाऊ नका. दिवाळी ते होळी हा काळ चांगला. दिवसातली वेळ संध्याकाळची, धार काढून झाल्यावर. धार काढताना बाईशी बोलायला गेलात तर म्हैस पान्हा चोरते आणि तुमचं तिथलं काम पहिल्याच दिवशी संपतं.

आणि जनावरं मोजू नका. ही चूक मी केली आहे. पहिल्यांदा नोंदी करायच्या ठरवल्या तेव्हा जवळ कोरा कागद नव्हता, म्हणून कचेरीतल्या छापील तक्त्याच्या पाठीवर लिहायला बसलो आणि सुरुवातच केली, म्हशी किती? समोरचा म्हातारा, जो मला वर्षानुवर्षं ताक द्यायचा, गप्प झाला. मग म्हणाला, “साहेब, म्हसरं मोजली की मागनं कुणीतरी येतंया.” त्याच्या आजाच्या काळी मोजणीनंतर चराईची पावती आली होती, आणि राखीव रानात गेलेली जनावरं कोंडवाड्यात गेली होती. 1871 चा गुरं कोंडण्याचा कायदा आणि 1878 चा जंगल कायदा आपल्याला पुस्तकात भेटतो. त्याच्या घरी तो दंडाच्या रूपानं आला होता. त्या वाड्यावर माणसं पुन्हा मोकळी व्हायला मला दोन वर्षं लागली.

त्याऐवजी म्हशींची नावं विचारा. कोणती कुणाच्या पोटची, तिची आई कुठून आणली, कुणाच्या लग्नात दिली. म्हशींची वंशावळ सांगता सांगता माणसांची वंशावळ येते, सोयरिकी येतात, वाडा कुठून उठून इथं आला ते येतं. हे सगळं बायांना पुरुषांपेक्षा नीट ठाऊक असतं. पुरुष घाट आणि बाजार सांगतील. दूध, लोणी, आजारपण, कोणत्या वर्षी काय विकून दिवस काढले, हे आजी सांगेल. दोघांना वेगवेगळं बसवून विचारा, एकत्र बसवलंत तर आजी बोलणार नाही.

सालं कशी काढायची

“किती साली?” असं विचारून उपयोग नाही. गाठी बांधायच्या. माझ्या वहीच्या पहिल्या पानावर या गाठी लिहिलेल्या असत: पानशेत फुटलं, 12 जुलै 1961. कोयनेचा भूकंप, 11 डिसेंबर 1967, पहाटेचा. मोठा दुष्काळ, 1972. मुळशीकडे असाल तर धरण आणि सेनापती बापटांचा सत्याग्रह, 1921 ते 1924. या सगळ्यांना धरून विचारायचं. “भूकंप झाला तेव्हा तुमचं लग्न झालेलं का? पदरात कोण होतं?” मग “तेव्हा वाडा इथंच होता की जुन्या जागी?”

आणखी एक गाठ रानातली आहे. कारवी साधारण दर सात वर्षांनी फुलते, सगळा डोंगर एकदम जांभळा होतो. घराचे कूड, म्हणजे भिंती, कारवीचेच, त्यामुळे फुलोऱ्याचं वर्ष या लोकांच्या ध्यानात पक्कं असतं. “माझ्या थोरल्याच्या जन्मापासून चार वेळा कारवी फुलली” असं कुणी सांगितलं तर ते वर्षांच्या आकड्यापेक्षा भरवशाचं समजा. बोटं मोजून सांगितलेलं वय मात्र दहा वर्षं इकडेतिकडे असू शकतं.

घाट, मीठ, तूप

दूध दूरच्या बाजारात नेता येत नव्हतं, नासायचं. म्हणून या लोकांचा सगळा व्यवहार तुपावर. तूप खाली जायचं, कोकणातून मीठ वर यायचं. ज्या नाळेतून, म्हणजे कड्यातल्या उभ्या घळीतून, आज गिर्यारोहक दोर लावून उतरतात, त्यातून बाया डोक्यावर बोजा घेऊन जात. प्रत्येक वाटेचं नाव, ती कुठं सुटते, कुठं पाणी, कुठं विसावा, कोणत्या दगडावर ओझं टेकवायचं, हे त्यांच्यासोबत चालत लिहा. बसून सांगितलेल्या वाटेत निम्म्या खुणा सुटतात. बाजारात तुपाचा भाव कोण ठरवायचा, आधी उचल घेतलेली असायची का, हेही विचारा, पण ओळख मुरल्यावर.

वाटेत वाघजाई भेटेल. घाटाच्या तोंडाशी तिचं ठाणं असतं, बहुतेकदा शेंदूर लावलेला नुसता तांदळा, म्हणजे न घडवलेला दगड. वसुबारसेच्या दिवसाला डोंगरात कित्येक ठिकाणी वाघबारस म्हणतात आणि वाघाच्या नावानं नैवेद्य ठेवतात. ज्याच्या गोठ्यातली पारडी वाघ नेतो, तोच वाघाला गोड भात ठेवतो. हे मी अनेकदा पाहिलं आणि दर वेळी माझे हात आपोआप जोडले गेले.

दगड वाचताना

जुन्या वाड्याची जागा ओळखायला सोपी. दगडी जोतं शिल्लक असतं, एखादा जुना आंबा असतो आणि गोठ्याच्या जागी शेणामुताची काळी माती. पायरीवजा दगड, खुंट्याचं भोक, फुटकं जातं, सगळ्याचं माप घ्या आणि ते आहे तिथंच राहू द्या.

वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड, दिसला तर खालच्या चौकटीपासून वर वाचत जा. खाली लढाई आणि पडलेला वीर, मधे त्याला नेणाऱ्या अप्सरा, वर तो शिवलिंगाची पूजा करताना, माथ्यावर कलश आणि बाजूला चंद्र-सूर्य. खालच्या चौकटीत गाई कोरल्या असतील तर तो गुरं सोडवताना मेला. हा तुमच्या खोऱ्यातल्या गोधनाचा सर्वांत जुना दाखला ठरू शकतो. कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात असेल तर सतीचा दगड. गाय-वासरू कोरलेला असेल तर धेनुगळ, म्हणजे दान दिलेल्या जमिनीची खूण. दिसेल त्या दगडाला ‘शिवकालीन’ म्हणायची सवय कृपा करून सोडा. वीरगळांची परंपरा शिवरायांच्या कितीतरी आधीची आहे.

घासू नका, खडू लावू नका, तेल ओतू नका. फोटो सकाळी किंवा संध्याकाळी तिरप्या उन्हात काढा. ऊन नसेल तर विजेरी बाजूला धरा, झिजलेली रेघही वर येते. आणि दगडाची नेमकी जागा समाजमाध्यमांवर टाकू नका. गुप्तधनाच्या नादानं उकरलेली ठाणी मी पाहिली आहेत.

कागद आणि कायदा

पुणे जिल्ह्याचं जुनं गॅझेटियर 1885 चं आहे, त्यातली धनगरांवरची आणि घाटांवरची पानं वाचा. पुण्यात पुराभिलेखागार आहे, भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. गावाचा सातबारा आणि गावनकाशा काढून गायरान, गुरचरण आणि वनखात्याकडे गेलेले गट बघा.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. 2006 च्या वनहक्क कायद्यात चराईचा हक्क आहे आणि फिरत्या पशुपालकांचा हंगामी हक्कही आहे. पण महाराष्ट्रात धनगर अनुसूचित जमातींत नाहीत, ते भटक्या जमाती (क) मध्ये येतात. त्यामुळे त्यांना 13 डिसेंबर 2005 च्या आधीची तीन पिढ्यांची, म्हणजे 75 वर्षांची वहिवाट दाखवावी लागते. हिशेब 1930 पर्यंत मागे जातो. त्या काळचा कागद वाड्यावर कुणाकडे असणार? मात्र याच कायद्याच्या नियमांत पुरावा म्हणून जुन्या विहिरी, दफनभूमी, देवस्थानं, वंशावळ आणि दावेदार नसलेल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब चालतो. गुरांचे पाणवठे आणि चराईच्या जागाही चालतात. म्हणजे तुम्ही वर सांगितल्याप्रमाणे जे टिपलं, तेच.

म्हणून आजीचं बोलणं लिहिताना तारीख, ठिकाण, सांगणारीचं नाव, अंदाजे वय, सोबत कोण होतं, हे प्रत्येक पानावर लिहा. तिची हरकत नसेल तर खाली सही किंवा अंगठा घ्या. ती म्हणाली हे नको लिहूस, तर तिच्यासमोर खोडा. झरे आणि जुनी जोती नकाशावर क्रमांक देऊन दाखवा आणि वहीत तोच क्रमांक घाला. दोन प्रती करा. एक वाड्यावर राहील, जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत, चुलीच्या वर आढ्याला बांधून. तिथं धूर लागतो पण ओल आणि वाळवी लागत नाही.

प्रत द्यायच्या आधी मात्र एका संध्याकाळी सगळ्यांना बसवून वही मोठ्यानं वाचून दाखवा. माझ्या पहिल्या वहीत मी एका झऱ्याचं नाव ‘देवाचं पाणी’ लिहिलं होतं, पुरुषांनी तसंच सांगितलं होतं. वाचताना मागून एक आजी म्हणाल्या, “त्ये तुमच्यासारख्या बाहेरल्यांना सांगायचं नाव. आम्ही पारडीचं पाणी म्हणतो.” त्यांच्या सासूच्या तरुणपणी एका कोरड्या वर्षी हरवलेली पारडी तिथं कारवीत पाणी पिताना सापडली होती, आणि वाडा त्यानंतर तिकडं सरकला होता. वाडा का सरकला, हे मी तीन म्हाताऱ्यांना विचारून दमलो होतो. मी वहीत दोन्ही नावं लिहिली, आजींचं आधी.