पास्टर म्हणवून घ्यायची घाई

पहिल्या वर्षाच्या दिवाळीत गावी आलो. एसटीतून उतरतो न उतरतो तोच पानठेल्यावरून हाक आली, "या पास्टर!" तेव्हा सेमिनरीत, म्हणजे चर्चचे पाळक (पास्टर) घडवणाऱ्या कॉलेजात, माझं शिक्षण झालं होतं चार महिने. बायबलसाठी शिकायची ग्रीक मुळाक्षरं पाठ होती, पण कागदावर लिहिताना न्यू आणि उप्सिलॉनमध्ये गोंधळ व्हायचा. तरी हाक ऐकली आणि बॅग उचलण्याची माझी पद्धतच बदलली. पुढची दीड वर्षं मी जो घोळ घातला तो त्या हाकेपासून सुरू होतो. सेमिनरीत येऊ पाहणाऱ्यांनी तो घालू नये म्हणून हे लिहितोय.

घर यवतमाळ जिल्ह्यात. पाच एकर कोरडवाहू, कापूस आणि मधल्या तासात तूर. युनियन बिब्लिकल सेमिनरी १९५३ ते १९८३ यवतमाळातच होती, मग पुण्याला गेली, हे आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना अजून दुखतं. "इथंच राह्यली असती तं पोरगा डबा घेऊन गेला असता," असं माझी आजी म्हणायची. मला जिथं प्रवेश मिळाला ते कॉलेज एसटीने साडेचार तासांवर. कुठलं ते सांगत नाही. दोष त्यांचा नव्हता, आणि थोडा होता तो सांगून आता उपयोग नाही.

शिफारसपत्र, मुलाखत, सेरामपूरची (बंगालमधल्या सेरामपूर कॉलेजच्या सिनेटची) पदवी, हे सगळं अर्ज करणाऱ्याला माहीत असतंच. डेन्मार्कच्या राजाने १८२७ साली दिलेल्या सनदेवर ही पदवी उभी आहे हे पहिल्या आठवड्यात तुम्हाला तीनदा ऐकवतील. ऐकून घ्या. इंग्रजीची भीती मात्र खरी आहे, ती लपवू नका. मी मराठी माध्यमातला. ग्रंथालयातलं एक पान वाचायला मला पाऊण तास लागायचा आणि शेजारचा मुलगा तेवढ्यात प्रकरण संपवून चहाला जायचा. दुसऱ्या सत्राअखेर ते पान वीस मिनिटांवर आलं. तुमचंही येईल. त्यासाठी खास काही करावं लागत नाही, रोज बसावं लागतं. आणि मी नेमका बसत नव्हतो.

दर शनिवारी दुपारी मी गावची बस धरायचो. आमच्या पाळकसाहेबांकडे सात गावं होती, त्यामुळे आमच्या गावात महिन्यातून एकच रविवार यायचा. उरलेल्या रविवारी मंडळी, म्हणजे आमचं गावचं चर्च, मला प्रवचनाला उभं करायची. मग शेजारच्या गावाने बोलावलं. मग घरभरणी, बारसं, दुखणाइताची प्रार्थना, कापूस घरात आल्यावर उपकारस्तुतीची सभा. त्या सभेत अर्पण केलेल्या मालाचा लिलाव होतो, त्यात एक कोहळं साडेतीनशे रुपयांना गेलं आणि लोकांनी ते परत माझ्याच हातात ठेवलं. पाकीटही मिळायचं, शंभराचं, कधी दोनशेचं. मेसचा महिना त्यात निघायचा, म्हणून मला ते देवाने केलेली सोय वाटत होतं.

सोमवारी पहिला तास हिब्रूचा, म्हणजे बायबलच्या जुन्या कराराच्या भाषेचा. आमच्याकडून पहाटेची बस पकडली तरी मी पोचायचो साडेदहाला. म्हणजे वर्षभरातले जवळपास निम्मे हिब्रूचे तास मी एसटीत झोपून काढले. हिब्रूत शब्दाचं मूळ बहुधा तीन अक्षरांचं असतं, त्यावरून क्रियापदाचे सात साचे, आणि एक साचा चुकला की पुढचे सगळे डोक्यावरून जातात. दुसऱ्या वर्षी नापास झालो. घरी सांगितलं नाही. त्या रविवारीसुद्धा गावात प्रवचन केलंच, विषय होता विश्वासूपणा.

इथवरचं बऱ्याच जणांचं होतं. खरा खड्डा पुढे आहे, आणि त्याबद्दल मी जरा लांबण लावणार आहे.

त्या मे महिन्यात गावातल्या एका घरी लग्न ठरलं. पाळकसाहेबांची नुकतीच बदली झाली होती, नवे आले नव्हते. नवरीचे वडील म्हणाले, "पास्टर, तुमीच लावून द्या न् लगन. आपला पोरगा असून बाहेरचा माणूस कायले?" मी हो म्हणालो. एकदाही विचार केला नाही. पत्रिका छापून आली, त्यात लग्न लावणारे म्हणून माझं नाव, आधी 'पास्टर' लावलेलं. आईने ती पत्रिका देव्हाऱ्यात ठेवावी तशी कपाटाच्या काचेत लावली. (आमच्याकडे देव्हारा नाही, पण सवयी कुठे जातात.)

लग्नाला तीन दिवस होते. जुने पाळकसाहेब पत्रिका पाहून बदलीच्या गावाहून मोटारसायकलने आले. पाणीसुद्धा घेतलं नाही. म्हणाले, "बाबू, तुयापाशी लायसन हाये काय?"

मला वाटलं गाडीचं विचारतात.

ख्रिस्ती लग्न आपल्याकडे १८७२ च्या इंडियन ख्रिश्चन मॅरेज अ‍ॅक्टखाली लागतं. ते कोण लावू शकतो हे कलम ५ मध्ये दिलं आहे: दीक्षित (चर्चने विधिपूर्वक नेमलेला) पाळक, त्या कायद्याखाली परवाना मिळालेला धर्मसेवक, विवाह निबंधक, असे मोजके लोक. सेमिनरीचा विद्यार्थी त्यात कुठेच बसत नाही. पहिल्या वर्षाचा नाही, शेवटच्या वर्षाचाही नाही, पदवी हातात आलेला पण दीक्षा न झालेला, परवाना नसलेलाही नाही. आणि अधिकार नसताना लग्न लावलं तर कलम ६८ आहे, शिक्षा दहा वर्षांपर्यंत. लग्न सकाळी सहा ते संध्याकाळी सात या वेळेतच लावायचं हेही त्याच कायद्यात आहे. आमच्या पत्रिकेवर वेळ होती सायंकाळी साडेसात. म्हणजे मी एका दमात दोन चुका छापून घेतल्या होत्या. शिक्षेचं सोडा, उद्या त्या मुलीला पासपोर्टसाठी, नाहीतर नवऱ्याच्या पेन्शनसाठी लग्नाचा दाखला लागला असता तर माझ्या सहीची किंमत काय होती? तिच्या संसाराच्या कागदावर माझी हौस.

एवढं खोलात सांगतोय कारण हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं. बाप्तिस्मा आणि प्रभुभोजनाचंही (भाकर आणि द्राक्षरसाच्या विधीचंही) असंच आहे. बहुतेक मंडळ्यांत ते दीक्षित माणसाच्याच हातून होतं. सी.एन.आय.मध्ये (चर्च ऑफ नॉर्थ इंडियात) आधी डीकन ही खालची पायरी, मग प्रेसबिटर, म्हणजे पूर्ण पाळक. तुमच्या मंडळीत नावं आणि नियम वेगळे असतील, ते प्रवेश घेण्याआधी लेखी पाहून घ्या. पदवी सेरामपूरचं सिनेट देतं, दीक्षा मंडळी देते, परवान्याचं खातं तिसरंच. या तीन गोष्टी गावाच्या डोळ्यांना एकच दिसतात, आणि दोन वर्षं माझ्याही डोळ्यांना तशाच दिसत होत्या.

लग्न पाळकसाहेबांनी लावलं, दुपारी चारला. मी गाणी म्हणायला उभा होतो. नवरीचे वडील वर्षभर माझ्याशी नीट बोलले नाहीत.

आता मार्गदर्शकांबद्दल. जो तुम्हाला पहिल्या महिन्यात माइक देतो त्याच्यापासून थोडं लांब राहा. तो वाईट असतोच असं नाही, बहुतेकदा दमलेला असतो आणि त्याला रविवारची सुट्टी हवी असते. मी शिकलो ते त्या मोटारसायकलवाल्या पाळकसाहेबांकडून. त्या लग्नानंतर मला त्यांनी वर्षभर प्रवचन करू दिलं नाही. दानपेटीचा हिशोब लिहायला लावला, बाप्तिस्म्याच्या जुन्या नोंदवहीतली नावं उतरवून घ्यायला लावली, आणि मयतीच्या घरी नेऊन नुसतं बसायला लावलं. चिडलो होतो तेव्हा. यूट्यूबवरून प्रवचन उचलू नका, हे वेगळं सांगायला नको. आमच्या मंडळीतल्या आजीबाईंच्या नातवांकडेही मोबाइल आहे. आणि काही हजार रुपयांत सहा महिन्यांत 'डॉक्टर' करून देणाऱ्यांबद्दल मी काही लिहिणार नाही, कारण रक्तदाब वाढतो.

हिब्रूचा पेपर पुन्हा दिला. शनिवारी कॉलेजातच राहिलो, आणि पाकिटं बंद झाल्यामुळे ग्रंथालयात पुस्तकांना पुठ्ठे घालायचं काम धरलं. एके दिवशी बायबलमधलं स्तोत्र २३ अक्षर लावत वाचत होतो. शेवटच्या ओवीत आपल्या मराठी पवित्र शास्त्रात कल्याण आणि दया 'लाभतील' असं आहे. हिब्रूत तिथे 'रादाफ' या धातूचं रूप आहे. रादाफ म्हणजे पाठलाग करणं, शत्रू मागे लागतो तसं मागे लागणं. त्या दोन वर्षांत हेच स्तोत्र मी किती मयतींत वाचलं असेल! दर वेळी 'लाभतील' म्हणून पुढे गेलो होतो. त्या दिवशी पुस्तक मिटून बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो. नापास झाल्याची लाज तेव्हा पहिल्यांदा उतरली, थोडीशी.

म्हणून नापास झालात तर घाबरू नका. वर्ष जात नाही, पेपर जातो. गाव विसरतं, नवरीचे वडीलसुद्धा विसरतात. गेल्या सुगीत त्यांनी घरी तुरीच्या शेंगा पाठवल्या.

गावाला नाही कसं म्हणायचं, हे सगळेच विचारतात. मला अजून नीट जमत नाही. मी एवढं करतो की मयतीला जातो, बाकीच्या आमंत्रणांना सुट्टीतली तारीख देतो, आणि 'पास्टर' म्हटलं की "अजून शिकून राह्यलो ना काका" म्हणतो. अर्धे हसतात, अर्ध्यांना वाटतं पोरगा नम्र आहे. दोन्ही चालतं.

आणि वेळापत्रक हातात पडलं की आधी सोमवारचा पहिला तास कोणता ते पाहा. भाषेचा असेल तर शनिवारी घरी जाऊच नका. जावंच लागलं तर रविवारी दुपारची दोनची गाडी धरा. संध्याकाळच्या गाडीचा भरवसा नाही, आणि जुलै-ऑगस्टात नाल्याला पूर आला की ती निघतच नाही.