डब्याचा पिनहोल कॅमेरा: आधी भोक नीट पाडा

पिनहोल कॅमेरा म्हणजे भिंगाऐवजी बारीक भोकातून चित्र उमटवणारा कॅमेरा. त्याबद्दल सांगणारे लोक निम्मा वेळ डब्यावर घालवतात. डबा कुठला घ्यावा, आतून काळा कसा रंगवावा, झाकण कसं बसवावं. भोकाच्या वाट्याला एकच ओळ येते: 'सुईने बारीक भोक पाडा'. मग फोटो धुरकट आला की म्हणायचं, पिनहोलचा फोटो असाच असतो. मुळीच असा नसतो. आपल्या इंदूरच्या राजवाड्याचे खालचे तीन मजले दगडी आणि वरचे चार लाकडी. त्या लाकडी मजल्यांवरच्या खिडक्या वेगवेगळ्या दिसतील इतका स्वच्छ फोटो शेवेच्या पत्र्याच्या डब्यातून निघतो. त्यासाठी भोक मापाचं, गोल आणि पातळ काठाचं हवं.

डबा

साधारण १० सेंटिमीटर व्यासाचा गोल पत्र्याचा डबा घ्या, झाकण घट्ट बसणारा. आतून मॅट काळा रंग द्या आणि कुशीत मधोमध करंगळीएवढं छिद्र पाडून त्याचे काठ कानशीने घासा. भोक पाडलेली पत्र्याची चकती (ती पुढे करू) आतून याच छिद्रावर बसणार. झाकणाच्या कडेवर इलेक्ट्रिशियनची काळी टेप लावू नका. इंदूरच्या उन्हात तिचा गोंद पाघळतो आणि टेप सरकते. काळी कापडी टेप घ्या. शटर म्हणून फ्रिजवर लावायचा चपटा चुंबक बाहेरून छिद्रावर चिकटवला की झालं. पत्र्याचा डबा घ्यायचा तो याचसाठी.

भोक

इथे घाई करू नका. मला सगळ्यात जास्त छळलं ते याच पायरीने, आणि याबद्दल जेवढे चुकीचे सल्ले ऐकले तेवढे दुसऱ्या कशाबद्दल ऐकले नाहीत.

पहिला चुकीचा सल्ला: भोक जितकं बारीक तितका फोटो तीक्ष्ण. हे एका मर्यादेपर्यंतच खरं. भोक मोठं असेल तर समोरच्या प्रत्येक बिंदूचा कागदावर मोठा ठिपका पडतो आणि चित्र पुसट होतं. पण फार बारीक केलं तर प्रकाश काठावरून वाकून पसरतो आणि चित्र पुन्हा पुसटच होतं, वर उजेडही कमी मिळतो. योग्य माप या दोन्हींच्या मध्ये असतं आणि ते भोकापासून कागदापर्यंतच्या अंतरावर ठरतं. अंतर ५० मिलिमीटर असेल तर भोक ०.३२ मिलिमीटरचं, ७५ ला ०.३९, १०० ला ०.४५ आणि १५० ला ०.५५. हिशेब स्वतः करायचा असेल तर मिलिमीटरमधल्या अंतराला ०.०००५५ ने गुणा, त्याचं वर्गमूळ काढा आणि त्याला १.९ ने गुणा. यातला ०.०००५५ हा आकडा म्हणजे हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी, मिलिमीटरमध्ये. आपल्या डब्यात भोक एका बाजूला आणि कागद समोरच्या बाजूला, म्हणजे अंतर १०० मिलिमीटर आणि भोक ०.४५ चं.

दुसरा चुकीचा सल्ला: स्वयंपाकघरातला अॅल्युमिनियम फॉइल वापरा. फॉइल पातळ असतो हे खरं, पण सुई टोचली की तो फाटतो. भिंगातून पाहिलंत तर भोकाचा काठ चिंध्या झाल्यासारखा दिसेल. शीतपेयाच्या कॅनचा पत्रा घ्या. तो फॉइलपेक्षा कितीतरी जाड, म्हणून थेट टोचायचा नाही, आधी पातळ करायचा. जाड पत्र्यातलं भोक बोगद्यासारखं वागतं. तिरका येणारा उजेड त्यात अडतो आणि फोटोच्या कडा काळ्या पडतात.

आता कृती. कॅनच्या पत्र्यातून कात्रीने दोन सेंटिमीटरचा चौकोन कापा, हीच आपली चकती. सांभाळून, काठ बोट कापतात. तो जुन्या वहीच्या पुठ्ठ्यावर ठेवा आणि संपलेल्या बॉलपेनच्या टोकाने मधोमध दाबा. भोक पडता कामा नये, फक्त खळगा व्हायला हवा. चौकोन उलटा केला की दुसऱ्या बाजूला बारीक फुगवटा दिसेल. ६०० नंबरचा वॉटर पेपर (ओला करून वापरायचा पॉलिश पेपर) काचेवर पसरा (सियागंजात हार्डवेअरच्या कुठल्याही दुकानात मिळतो), त्यावर पाण्याचे दोन थेंब टाका आणि फुगवटा गोल गोल घासा. बोटाचा दाब हलका ठेवा. हळूहळू फुगवट्याच्या जागी फिकट ठिपका उरतो आणि नखाने दाबला तर तो किंचित लवतो. तिथे पत्रा पातळ झाला, थांबा.

आता मिळेल ती सगळ्यात बारीक सुई घ्या. मोती ओवायची सुई उत्तम. ती खोडरबरात खुपसून धरा म्हणजे हातात स्थिर राहते. खळग्याच्या बाजूने सुईचं फक्त टोक टेकवा आणि न दाबता बोटांमध्ये फिरवा. टोक पलीकडे जेमतेम गेलं की सुई काढा. सुई आरपार घालायची नाही. तिच्या जाडीएवढंच भोक पडेल या भरवशावर तर मुळीच घालू नका, पत्रा ताणून फाटतो. पलीकडे उठलेली कोर १००० नंबरच्या पेपरवर घासा, उलट बाजूने सुईचं टोक फिरवून भोक साफ करा, पुन्हा घासा. फिरवणं आणि घासणं असं आलटून पालटून करत भोक मोठं करत न्या. मोठं करता येतं, लहान करता येत नाही, म्हणून प्रत्येक फेरीनंतर मोजा.

मोजायचं कसं? डोळ्यांनी अंदाज करू नका, ०.४५ आणि ०.६ यांत डोळ्याला फरक कळत नाही. घरी किंवा झेरॉक्सवाल्याकडे स्कॅनर असतो. चकतीची एक बाजू काळ्या मार्करने रंगवा, ती बाजू काचेवर ठेवा आणि १२०० डीपीआयला, म्हणजे इंचाला १२०० पिक्सेल, स्कॅन करा. झाकणाच्या पांढऱ्या अस्तरामुळे भोक उजळ दिसतं. चित्र मोठं करून भोकाच्या रुंदीचे पिक्सेल मोजा, २५.४ ने गुणा आणि १२०० ने भागा. २१ पिक्सेल आले तर भोक ०.४४ मिलिमीटरचं. उभं आणि आडवं दोन्ही मोजा. दोन्हींत दहा टक्क्यांहून जास्त फरक असेल तर चकती फेकून द्या. पत्रा फुकटचा आहे, जीव अडकवू नका. एका बैठकीत पाच-सहा चकत्या करा आणि त्यातली चांगली निवडा.

मार्करची काळी बाजू डब्याच्या आत येईल अशी चकती चिकटवा. त्याआधी उजेडासमोर धरून भोकात धूळ नाही ना, हे बघा.

कागद

ब्लॅक अँड व्हाइट फोटोचा रेझिन कोटेड, म्हणजे प्लॅस्टिकचा थर असलेला, कागद घ्या. ५ गुणिले ७ इंचाचा कागद मधोमध कापला की या डब्यात आडवा नीट बसतो. तो अंधाऱ्या खोलीत लाल दिव्यात बसवा, चकचकीत बाजू भोकाकडे. बाजू ओळखता येत नसेल तर कोपरा ओल्या ओठाला लावा, चिकटते ती कामाची बाजू.

हा कागद निळा उजेड ओढून घेतो, हिरवा थोडाफार घेतो आणि लाल जवळजवळ घेतच नाही. म्हणून आकाश कोरं पांढरं येतं आणि विटांची भिंत काळी. एकोणिसाव्या शतकातले नामवंत फोटोग्राफर लाला दीनदयाळ इंदूरला बांधकाम खात्यात नोकरीला असताना फोटोग्राफीकडे वळले. त्यांच्या काळच्या काचेच्या प्लेटांचंही असंच होतं, एकोणिसाव्या शतकातल्या फोटोंत आकाश पांढरं दिसतं ते यामुळे. मल्टिग्रेड कागदावर (उजेडाच्या रंगानुसार ज्याचा कडकपणा बदलतो तो) त्यात काळं-पांढरं फार कडक होतं. जुन्या कॅमेऱ्याचा पिवळा फिल्टर स्वच्छ पुसून भोकासमोर लावला की ते बरंच मऊ होतं. वेळ मात्र दुप्पट धरा.

किती वेळ उघडं ठेवायचं

१०० ला ०.४५ ने भागा, २२२ येतात. म्हणजे कॅमेरा एफ २२२ चा (अंतर भागिले भोक, हाच एफ आकडा; तो जितका मोठा तितका उजेड कमी). कडक उन्हात कागदाला साधारण एक मिनिट लागतं. पहिल्या दिवशी एकाच जागी तीन कागद वापरा: अर्धा मिनिट, एक मिनिट, दोन मिनिटं. त्यातला जो चांगला येईल तो तुमचा आकडा. कुणाचा तयार तक्ता घेऊ नका, तुमचं भोक त्यांच्याहून वेगळं आहे. ०.४५ ऐवजी ०.५ झालं असेल तर तुम्हाला जवळपास पाव पट जास्त उजेड मिळतोय. मोकळ्या सावलीत आठपटीने सुरू करा आणि कमी पडलं तर दुप्पट करा, पाच-दहा टक्के वाढवून काही फरक दिसत नाही.

डबा हातात धरायचा नाही. कट्ट्यावर ठेवा आणि वर वाळूची पुरचुंडी. राजवाड्यासमोर एका मिनिटात चालती माणसं फोटोतून पार नाहीशी होतात, उभ्या स्कूटर मात्र सगळ्या येतात. त्या नको असतील तर भल्या सकाळी जा, किंवा कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांकडे, होळकरांच्या समाध्यांकडे, वळा. तिथला कोरीव दगड तिरक्या उन्हात फार सुंदर येतो. मे-जूनमध्ये भर दुपारी जाऊ नका. कर्कवृत्त आपल्या जवळच आहे, ऊन सरळ डोक्यावरून पडतं आणि इमारतींची तोंडं काळवंडतात. जागतिक पिनहोल दिवस एप्रिलच्या शेवटच्या रविवारी असतो, २००१ पासून. तेव्हाही आपल्याकडे सकाळी नऊपर्यंत काम उरकलेलं बरं. कागद भरलेला डबा स्कूटरच्या डिकीत तापत ठेवू नका, कागद धुरकटतो.

धुणं

डेव्हलपर (चित्र उमटवणारं द्रावण), पाणी, फिक्सर (चित्र पक्कं करणारं द्रावण), पुन्हा पाणी. वेळ पाकिटावर लिहिलेला असतो, तोच पाळा. डेव्हलपर २० अंशांच्या आसपास हवा. उन्हाळ्यात टाकीचं पाणीच गरम येतं, म्हणून ट्रे बर्फाच्या परातीत ठेवा. तसं केलं नाही तर बघता बघता कागद काळा होतो.

कागदावर काळं-पांढरं उलटं येतं, ही निगेटिव्ह. वाळल्यावर तिचा मोबाइलने समोरून फोटो काढा आणि रंग उलटे करा. एवढ्यावर थांबू नका. कागदाच्या पुढच्या बाजूने पाहिलेलं चित्र आरशातल्यासारखं डावं-उजवं उलटं असतं, दुकानाची पाटी वाचून बघा म्हणजे कळेल. मोबाइलमध्ये चित्र आडवं पलटा. कोऱ्या कागदावर निगेटिव्ह तोंडाला तोंड लावून, वरून काच दाबून प्रिंट काढलीत, तर ते आपोआप सरळ होतं.